घराचा वाटा

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ शहरांतल्या मनोविकारतज्ज्ञांना एकाच कामाला जुंपलं. आग्रा, इबादान, काली, तैपेई, मॉस्को, प्राग, आऱ्हुस, लंडन आणि वॉशिंग्टन. प्रत्येकाने आपल्याकडच्या रुग्णांना तेच प्रश्न त्याच पद्धतीने विचारायचे. आसपास कोणी नसताना आवाज ऐकू येतात का? डोक्यातले विचार कोणी काढून घेतंय, किंवा बाहेरून घालतंय, असं वाटतं का? प्रश्नावली लंडनच्या जॉन विंग यांची, पण त्या त्या ठिकाणच्या भाषेत उतरवलेली. रुग्ण एकूण १,२०२. हा खटाटोप करावा लागला, कारण त्या काळी न्यूयॉर्कमध्ये ज्यांना स्किझोफ्रेनिया झाला असं सांगत, त्यांतल्या बऱ्याच जणांना लंडनमध्ये उन्माद किंवा नैराश्याचे रुग्ण ठरवलं गेलं असतं. समुद्र ओलांडला की आजाराचं नाव बदलत असेल, तर त्याच्या कारणांचा शोध कशाच्या आधारावर घ्यायचा?

आजाराचं वर्णन त्याआधी सत्तरएक वर्षं झालेलं होतं. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी तरुणपणी सुरू होऊन बुद्धीचा ऱ्हास करत नेणारा आजार म्हणून तो वेगळा काढला. झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. क्रेपेलिन यांच्या मांडणीत उतरण गृहीत होती. ही समजूत पुढे इतकी घट्ट बसली की एखादा रुग्ण बरा झालाच, तर त्याला मुळात हा आजार नव्हता, निदान चुकलं असणार, असं म्हणून मोकळं होण्याची प्रथा पडली. अशा प्रथेपुढे कुठलाच पुरावा टिकत नाही. ती मोडायला ब्लॉयलर यांचेच चिरंजीव मानफ्रेड यांना २०८ रुग्णांचा वीसहून अधिक वर्षं पाठपुरावा करावा लागला. पहिली पाचेक वर्षं गेली की बहुतेकांचा आजार आणखी बिघडत नाही, उलट अनेकांचा निवळत जातो, हे त्यांनी दाखवून दिलं.

नऊ शहरांच्या अभ्यासातून पहिली गोष्ट कळली ती अशी की एकाच मोजपट्टीने पाहिलं तर हा आजार सगळीकडे ओळखू येतो. भास, पुराव्यापुढेही न हलणारे संशय, विस्कटलेलं बोलणं, आणि हळूहळू कशातच रस न उरणं. नायजेरियातल्या शेतकऱ्यातही आणि मॉस्कोतल्या कामगारातही. दुसरी गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. दोन वर्षांनी आणि पुढे पाच वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा गाठलं, तेव्हा आग्रा आणि इबादानमधल्या रुग्णांची स्थिती आऱ्हुस, लंडन किंवा वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा चांगली निघाली. डेन्मार्कमध्ये प्रशिक्षित माणसांची आणि सरकारी आधाराची रेलचेल, आग्र्यात डॉ. के. सी. दुबे यांचं मनोरुग्णालय आणि रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक. १९७८ पासून दहा देशांत आणखी मोठा अभ्यास झाला. त्यात चंदीगड शहर आणि त्याच्या आसपासची गावंही होती. कल तोच दिसला.

आपण या निष्कर्षाचं काय केलं? छाती फुगवली. आपली एकत्र कुटुंबं, आपली माया, आपली सोशिकता असं म्हणत गेली चार दशकं हा निष्कर्ष भाषणांत, दिवाळी अंकांत, परिसंवादांत मिरवला जातो आहे. पश्चिमेकडच्या काही मंडळींनीही आधुनिक समाजावर कोरडे ओढण्यासाठी तो वापरला. पण चांगल्या निष्कर्षाचं बिरुद झालं की त्याची तपासणी थांबते. या पुस्तकाचा विषय स्किझोफ्रेनियावरचं मानसशास्त्रीय संशोधन हा असला, तरी त्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा धागा घराचा आहे. घरामुळे आजार होतो का, घरामुळे तो उलटतो का, घरामुळे तो बरा होतो का, हे तीन निराळे प्रश्न आहेत. शंभर वर्षांच्या संशोधनात त्यांची गल्लत वारंवार झाली, आणि दर वेळी तिची किंमत कोणा ना कोणा आईने मोजली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एके काळी 'होय' असं छातीठोकपणे दिलं जाई. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी लिहिलं की थंड आणि वर्चस्व गाजवणाऱ्या आईमुळे मुलात हा आजार उपजतो. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला अधिक चतुर रूप दिलं. आई तोंडाने 'ये जवळ' म्हणते आणि अंग चोरते, अशा परस्परविरोधी आज्ञांच्या कोंडीत सापडलेलं मूल शेवटी वास्तवाशी नातं तोडतं, अशी ती कल्पना. वाचायला मोठी आकर्षक. पुरावा म्हणून निवडक कुटुंबांची निरीक्षणं. ज्या घरांत आजार नाही त्या घरांशी तुलना नाही. आजारी मुलाशी जपून, अडखळत बोलणारी आई ही आजाराचं कारण असेल की परिणाम, हेही कोणी विचारलं नाही. तरीही एका आख्ख्या पिढीतल्या आया डॉक्टरांसमोर आरोपीसारख्या बसल्या.

त्यांची सुटका केली ती दत्तक मुलांच्या अभ्यासांनी. १९६६ मध्ये लेनर्ड हेस्टन यांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात अशी ४७ मुलं शोधली, ज्यांच्या आयांना स्किझोफ्रेनिया होता आणि जी जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून दूर होऊन इतरत्र वाढली. मोठेपणी त्यांपैकी पाच जणांना हा आजार झाला. तशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण आईला आजार नसलेल्या ५० जणांपैकी एकालाही झाला नाही. वाढवणारी आई कारणीभूत असती, तर हा फरक दिसायलाच नको होता. पुढे डेन्मार्कमधल्या दत्तकनोंदींनी हाच निष्कर्ष पक्का केला.

अर्थात आनुवंशिकता म्हणजे ललाटलेख नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता जुन्या अभ्यासांत जेमतेम निम्मी भरते, म्हणजे सगळी जनुकं सारखी असूनही निम्मे सुटतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने जनुकसंचातल्या २८७ जागांचा या आजाराशी संबंध दाखवला. एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ. लग्न जुळवताना 'घराण्यात आहे' एवढ्या दोन शब्दांवर मुलीचा बायोडेटा परत पाठवणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. गर्भारपणातली उपासमार, तरुण वयात गांजाचं जबर सेवन, परक्या देशात उपरं होऊन राहणं, यांनीही धोका वाढतो. त्यांची चर्चा इथे करत नाही. पुढे स्वतंत्र प्रकरण आहे.

दुसरा प्रश्न, घरामुळे आजार उलटतो का, हा लंडनमध्ये जवळजवळ योगायोगाने पुढे आला. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर यशस्वी ठरलं. त्या दशकात वर्षानुवर्षं रुग्णालयांत पडलेले लोक घरी जाऊ लागले आणि त्यांतले बरेच परतही येऊ लागले. कोण परत येतं, हे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन तपासत होते. आपल्या माणसांत गेलेले रुग्ण टिकतील, असाच कोणाचाही अंदाज असता. निघालं उलटं. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे गेलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात परतले.

इथे ब्राउन यांनी जे केलं त्याला माझ्या लेखी तोड नाही. आईवडील वाईट असतात असा निवाडा न देता त्यांनी घरातलं बोलणं मोजायला घेतलं. नातेवाइकाशी एकट्याने, निवांत, बराच वेळ बोलायचं. बोलणं ध्वनिमुद्रित करायचं. आणि मग त्यात रुग्णाविषयी टीकेची वाक्यं किती आली ते मोजायचं. शब्द काय आहेत याइतकाच सूर कसा आहे हे महत्त्वाचं. 'तो उशिरा उठतो' ही माहिती झाली. तेच वाक्य दात-ओठ खात म्हटलं की टीका झाली. टीकेखेरीज उघड शत्रुत्व, आणि रुग्णासाठी स्वतःचं सगळं आयुष्य बाजूला टाकून त्याच्या श्वासाश्वासावर नजर ठेवणं, याही गोष्टी मोजल्या. जिव्हाळ्याची नोंदही निराळी ठेवली.

१९७६ मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी आपले आणि ब्राउन यांचे मिळून १२८ रुग्णांचे आकडे मांडले. तणावाचे सूर चढलेल्या घरांत परतलेल्यांपैकी ५१ टक्क्यांचा आजार नऊ महिन्यांत उलटला; शांत घरांत हे प्रमाण १३ टक्के होतं. तणावाच्या घरातही आठवड्याला पस्तीस तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर गेला, किंवा औषध नियमित चालू राहिलं, तर धोका बराच उतरत होता. एकाने दिवसातले काही तास कामाला, वाचनालयात, कुठेही बाहेर जावं, हा किती स्वस्त उपाय. वन रूम किचनमध्ये चौघं राहणाऱ्या कुटुंबाला मात्र तो स्वस्त पडत नाही, हे लंडनच्या आकड्यांत दिसत नाही.

या संशोधनातला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. नातेवाइकांची टीका भासांवर किंवा संशयांवर फारशी नसते. शेजारी विष घालतात असं म्हणणाऱ्या मुलाबद्दल आईबाप सहसा कळवळतात. तो आजारी आहे हे त्यांना समजतं. टीका होते ती बारा वाजेपर्यंत लोळण्यावर, चार-चार दिवस आंघोळ न करण्यावर, पाहुणे आले तरी आतून बाहेर न येण्यावर. 'अंगात आळस मुरलाय', 'आयतं मिळतंय ना', 'तुझ्या वयाचे संसाराला लागले' ही वाक्यं आपल्यापैकी कोणाच्या कानावर आलेली नाहीत? मात्र निरिच्छता हे या आजाराचं भासांइतकंच खरं लक्षण आहे, आणि औषधांना ते कमी दाद देतं. रुग्णाला मनात आणलं तर जमेल असं ज्यांना वाटतं तेच नातेवाईक जास्त टोचून बोलतात, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून घरच्यांना आजाराची नीट माहिती देणं हाच एक उपचार ठरतो, आणि औषधांच्या जोडीला तो दिला तर आजार उलटण्याचं प्रमाण घटतं. मानसशास्त्राने या आजाराला दिलेल्या देणग्यांत मी हिला पहिला मान देईन.

ही गोष्ट एकट्या स्किझोफ्रेनियाची नाही. १९९८ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नैराश्यासारखे भावनांचे आजार आणि खाण्याचे विकार यांच्यात टीकेच्या सुराचा आणि आजार उलटण्याचा संबंध स्किझोफ्रेनियापेक्षाही घट्ट निघाला. ज्यांच्या घरी नैराश्य आहे त्यांनीही हे प्रकरण आपल्यासाठी नाही असं समजू नये.

मग चंदीगड. तिथे डॉ. एन. एन. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच मोजपट्टी हिंदीत वापरली आणि १९८७ मध्ये निष्कर्ष छापले. टीकेची वाक्यं लंडनपेक्षा कितीतरी कमी. तणावाची घरं जेमतेम पाव. आग्र्याच्या कोड्याचं उत्तर मिळालं असं वाटावं असा हा आकडा. आणि थोडं उत्तर त्यात आहेही. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की चंदीगडमध्ये आजार उलटण्याशी खरा संबंध शत्रुत्वाचा होता. म्हणजे सगळीच भारतीय घरं मऊ होती असं नव्हे. जी कडू होती ती इथेही तितकीच बाधली.

पुढचा धडा चेन्नईचा. डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनचे संशोधक वस्त्यांत हिंडून कधीच उपचार न घेतलेल्या रुग्णांपर्यंत पोहोचले. उपचार घेतलेल्यांच्या मानाने हे लोक अधिक काळ आजारी, अधिक पंगू, आणि राहत होते मोठ्या, एकत्र कुटुंबांत. मोठं घर माणसाला सांभाळून घेतं. त्याच ताकदीने त्याला डॉक्टरपासून लपवूनही ठेवतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मनोविकृतीच्या दर चार रुग्णांपैकी तिघे उपचारांबाहेर आढळले. अंगारे, उतारे, दर्ग्यावरची साखळी आणि 'एकदा दोनाचे चार हात झाले की सुधारेल' हे सगळं त्या तिघांच्या वाट्याला येतं.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करू. डॉ. आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लग्न मोडलेल्या रुग्ण स्त्रियांशी बोलून जे लिहून ठेवलं आहे, ते वाचल्यावर कुटुंबव्यवस्थेचे पोवाडे गाणं अवघड जातं. नवऱ्याने माहेरी आणून सोडलेलं, पोटगी नाही, सांभाळणारे आईवडील म्हातारे, आणि आपल्यामागे हिचं काय हा त्यांचा प्रश्न. पुरुष रुग्णाची बायको मात्र बहुधा टिकून राहते. 'घराने सांभाळलं' या वाक्यात सांभाळणारं कोण, हे आपण सहसा मोकळं सोडतो. पाहणीत 'कुटुंब' असा एकच रकाना असतो. त्या रकान्यात नोकरी सोडलेली बहीण असते, रात्री दाराशी अंथरूण टाकणारी आई असते.

२००८ मध्ये अ‍ॅलेक्स कोहेन, विक्रम पटेल, थारा आणि नायजेरियाचे ओये गुरेजे यांनी ११ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले २३ दीर्घकालीन अभ्यास तपासून, विकसनशील देशांत आजार अधिक बरा होतो हे विधान उघडपणे प्रश्नांकित केलं. निष्पत्ती एकसारखी नाही, काही ठिकाणी रुग्णांचे मृत्यू जास्त आहेत, लग्न आणि रोजगार यांचं चित्रही सगळीकडे उजळ नाही, असा त्यांचा रोख. मूळ अभ्यासाशी निगडित असलेल्या याब्लेन्स्की आणि सार्टोरियस यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं: आम्ही म्हटलं होतं त्याहून अधिक तुम्ही आमच्या तोंडी घालत आहात. दोन्ही लेख वाचून मला वाटतं ते असं. आग्र्याचा निष्कर्ष खोटा नव्हता, पण तो रुग्णालयापर्यंत आणले गेलेल्या, पुन्हा सापडलेल्या रुग्णांचा होता. ज्यांना कोणी आणलंच नाही त्यांच्याबद्दल तो बोलत नाही. आणि त्याचं श्रेय संस्कृतीला देण्याआधी ते शेतीसारख्या कामाला द्यायला हवं, जिथे अर्धा दिवस जमेल तेवढं राबलेलंही चालून जातं. शहरात आणि नोकरीत ती सवलत नाही.

मग सांभाळणाऱ्या घराला बाहेरून हात दिला तर? हा प्रयोग आपल्या दारात झाला. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम अशा तीन ठिकाणी २८२ रुग्ण घेऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. गोव्यातल्या 'संगात' संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले विक्रम पटेल त्यातही होते. काही रुग्णांना नेहमीचे उपचार, आणि इतरांना त्यांच्या जोडीला प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. ते घरी जात, औषधांची विचारपूस करत, घरच्यांशी बोलत, रुग्णाला पुन्हा कामाला लावण्याचा प्रयत्न करत. वर्षभराने त्यांच्या रुग्णांची लक्षणं आणि अपंगत्व थोडं अधिक कमी झालं. सर्वांत स्पष्ट फरक कांचीपुरममध्ये. लोकलाज मात्र तसूभर हलली नाही. निष्कर्ष असा माफक आहे म्हणूनच मला तो विश्वासार्ह वाटतो.

आता आवाजांविषयी, कारण वाचकांचं कुतूहल तिथेच सर्वांत जास्त असतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ क्रिस फ्रिथ यांची मांडणी अशी की आपण एखादी हालचाल करतो तेव्हा तिचा परिणाम काय होणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि म्हणून स्वतःच्या कृतीला 'माझी' अशी खूण लागते. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्या यामुळेच. २००० साली सेरा-जेन ब्लेकमोर आणि फ्रिथ यांनी तपासलं, तर आवाज ऐकू येणाऱ्या किंवा आपल्याला दुसरं कोणी चालवतंय असं वाटणाऱ्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच जाणवत होता. मनातल्या बोलण्याचीही 'माझं' ही खूण हरवली, तर ते बाहेरून आल्यासारखं ऐकू येईल. सगळे भास याने उलगडत नाहीत. पण 'मनाचे खेळ आहेत, दुर्लक्ष कर' असं म्हणणाऱ्या काकांना हा प्रयोग सांगावा. रुग्णाला आवाज खरोखर ऐकू येतो.

आणि आवाजांतही घर शिरतंच. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमान यांनी चेन्नई, घानातलं आक्रा आणि कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून २०१५ मध्ये तुलना छापली. अमेरिकेतल्या रुग्णांचे आवाज बहुधा अनोळखी, हिंसक, युद्धाची भाषा बोलणारे. चेन्नईतल्या अनेकांना आवाज ओळखीचे वाटत, नातलगांचे. ते रागावत, पण कामं सांगत, आंघोळ कर म्हणून मागेही लागत.

मराठीत हा विषय घरातून बाहेर आणण्याचं काम थोड्या लोकांनी नेटाने केलं. कॅलगरीत प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'ने भावाला सांभाळणारी बहीण पडद्यावर आणली. रुग्णांना शुभार्थी आणि सांभाळणाऱ्यांना शुभंकर म्हणणारे स्वमदत गट आज ठाणे-पुण्याकडे नियमित भरतात. त्या गटांत बसणाऱ्यांनी संशोधनातल्या बऱ्याच गोष्टी अनुभवाने आधीच ओळखलेल्या असतात. या पुस्तकातून त्यांना आकडे मिळतील, आणि 'तुमच्या वळणामुळे झालं' म्हणणाऱ्या नातलगाच्या तोंडावर टाकायला पुरावाही.

ज्यांच्या घरी आजार नवा आहे त्यांनी जनुकांचं आणि मेंदूचं प्रकरण मागाहून वाचलं तरी चालेल. आधी घरातल्या बोलण्यावरचं प्रकरण वाचा, आणि गोळ्या बंद करायचं मनात आलं तर आधी डॉक्टरांशी बोला. रात्री-अपरात्री काय करावं सुचेनासं झालं, तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि तिथे मराठीत बोलता येतं.